अश्लील व्हिडिओंच्या व्यसनातून सुटण्यासाठी कोकणी-मराठीतून ऑनलाइन गट हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात व्यसनमुक्ती म्हटली की दारू, मटका, कॅसिनो आणि अमली पदार्थ यांवरच बोलणे होते. मी ज्या व्यसनात सहा-सात वर्षे अडकलो, त्याचे नाव घरातही काढता येत नाही. मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहण्याचे ते व्यसन. माझे वय ४३, दोन मुले, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी. रात्रपाळी करून घरी यावे तर मुले शाळेत, पत्नी कामावर. आणि हातात फोन.

मदत मागायची कुणाकडे? बांबोळीला मानसोपचाराच्या रांगेत उभे राहावे तर गावचे कुणीतरी भेटणारच. म्हणून ऑनलाइन कार्यक्रम शोधला. पहिले अ‍ॅप नुसते दिवस मोजायचे. २३व्या दिवशी घसरलो, आकडा शून्यावर आला आणि 'आता सगळे गेलेच' म्हणून मी तासन् तास पाहत बसलो. पैसे मात्र खात्यातून दरमहा कापले जात होते.

दुसऱ्या कार्यक्रमात समोर माणूस होता. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बोलणारे समुपदेशक, आणि रोज लिहायची एक वही. ओढ कधी लागली, कुठे होतो, त्याआधी काय घडले, एवढेच लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात वही वाचताना मला रडू आले. बहुतेक वेळा ओढ लागली होती ती बँकेच्या हप्त्याचा मेसेज आल्यावर, नाहीतर कामावर बोलणी खाल्ल्यावर. मी आजवर स्वतःला फक्त घाणेरडा समजत होतो. ओढ चढते तशी ओसरतेही, तेवढा वेळ जागा सोडायची, हे त्यांनी शिकवले. मी फोन स्वयंपाकघरात ठेवून परसातल्या माडांना पाणी घालायला जाऊ लागलो. घसरलो तर तेही वहीत लिहायचे आणि पुढे चालायचे. आज दीड वर्ष झाले. या काळात चार वेळा घसरलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत (ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे) लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून नोंदला आहे. केवळ अपराधी वाटते म्हणून कुणाला रोगी ठरवू नये, असेही त्यात म्हटले आहे. हे मला आधी कळते तर काही वर्षे वाचली असती.

पण या कार्यक्रमांत पत्नीला कुठे जागाच नसते. मी सगळे सांगितले त्या दिवशी माझी पत्नी एवढेच म्हणाली, "माझ्यात काय कमी होते?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि तिला बोलायलाही कोणी नव्हते. मी वहीत लिहून मोकळा होत होतो, ती महिनोन् महिने गप्प राहिली. तिचे दुखणे अजून पुरते गेलेले नाही.

वाचकांना विनंती आहे की पैसे भरण्याआधी समुपदेशकाचे शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. 'मर्दानगी परत मिळवा' म्हणत तेल-गोळ्या विकणाऱ्यांपासून लांब राहा. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. सुरुवात तिथूनही करता येईल.

आणि सरकारला विनंती की बांबोळीच्या मनोविकार संस्थेने आठवड्यातून एकदा या त्रासासाठी कोकणी-मराठीतून ऑनलाइन गट चालवावा. कॅमेरा बंद ठेवण्याची आणि खरे नाव न सांगण्याची मुभा असावी. पत्नींसाठी वेगळा गट असावा. माझ्यासारख्यांच्या गटाची वेळ सकाळी दहा-अकराची ठेवावी. रात्रपाळीवाले तेव्हाच घरी एकटे असतात.

आपला,
एक वाचक, फोंडा तालुका
(कृपया नाव छापू नये.)