जंगल वाढवा, पण कागद १९३० चा आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंगले वाढली की हवामान सावरेल आणि डोंगराकाठची गरिबीही हटेल, हे कालच्या अंकातील लेखात वाचून बरे वाटले. लेखकमहाशय एकदा आमच्या खानापूर तालुक्यात येऊन गेले असते, तर अधिक बरे वाटले असते.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली जंगलावरील हक्काचा दावा करायचा, तर आम्हा बिगर-आदिवासी वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. हिशेब १९३० वर जातो आणि तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यात होतो. आजोबांच्या नावाचा मोडीतला कागद फडक्यात गुंडाळून मी संबंधित कार्यालयात नेला, तेव्हा तेथील साहेबांनी तो उलटा धरून न्याहाळला आणि कन्नडमध्ये असल्यास आणा, असे सांगितले. आमच्या गावच्या कुलकर्ण्यांना १९३० साली ही पूर्वसूचना मिळाली असती, तर त्यांनी अवश्य सोय केली असती! गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य आहे, असे नियमांतच आहे, हे मी नम्रपणे सांगून पाहिले. दावा नाकारल्याची नोटीस आली तीही केवळ कन्नडमध्ये. ती शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावी लागली, पण त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

लेखात झाडांनी शोषलेल्या कार्बनचा हिशेब आहे, माझ्या आत्याचा नाही. गावामागच्या टेकडीवरून ती उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, थंडीत हिरडा आणि शिकेकाई आणायची. बाजारात टोपली रिकामी झाली की घरात चहा-साखर यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा पात्राबाहेर आली, २०२३ चा जून कोरडा गेला. पावसाआधी कोरड्या मातीत, धूळवाफेवर पेरलेले भात ज्या वर्षी असे हातचे जाते, त्या वर्षी ही टोपलीच आधार असते. त्या टेकडीवर आता आकेशिया या परदेशी झाडाच्या लावलेल्या रांगा आहेत. त्याचा जाड पाला लवकर कुजत नाही, खाली गवत धरत नाही, गुरेही तिकडे फिरकत नाहीत. लांबून हिरवे दिसते एवढे खरे. गौण वनोपजाची, म्हणजे अशा करवंदे-हिरडा-शिकेकाईची, मालकी ज्या कायद्याने आम्हाला देऊ केली, त्याखालचा दावा फेटाळायचा आणि उपज देणारी टेकडीही बदलून टाकायची, यात गरिबी कोणाची हटली, हे लेखकमहाशयांनी सांगावे.

मोडी कागद मी पुन्हा ट्रंकेत ठेवला आहे. लेखकमहाशयांना मोडी वाचता येत असल्यास कृपया कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव