पोराचा मोबाईल जप्त झाला, त्याबद्दल

मानेवाडा, नागपूर

प्रिय बंड्या,

तुझं तणतणतं पत्र मिळालं. शाळेनं पोराचा मोबाईल जप्त केला आणि आता म्हणतात, वार्षिक परीक्षेनंतर या. तू हेडमास्तरांशी भांडायला निघालास यात नवल नाही, होस्टेलात मेसवाल्याशीही असाच भांडायचास. पण जरा दम धर. मी टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस, तिकडचंही ऐक.

आमच्याकडे नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गात सुताराकडून करून घेतलेलं एक कपाट आहे. खान्यांवर हजेरी क्रमांक टाकलेले. प्रार्थनेआधी मोबाईल बंद करून आपल्या खान्यात ठेवायचा, वर्गशिक्षक कुलूप लावणार, शाळा सुटली की परत. कागदावर झकास! पण पोट्टे आपले बाप आहेत, राजा. काहींनी घरातला मेलेला फोन आणून खान्यात ठेवायला सुरुवात केली आणि खरा मोज्यात. शिपाईमामांनी पकडलं. एका फोनला बॅटरीच नव्हती, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो, मग तोंडं गंभीर करून वर्गात रागवायला गेलो.

तरी कपाट हवंच, असं माझं मत. सगळे अभ्यास-अभ्यास करतात, पण खरी भानगड कॅमेऱ्याची आहे. मधल्या सुटीत पोरींचे चोरून काढलेले फोटो ग्रुपवर फिरायचे, ते थांबलं. तेवढ्यासाठी मी रोज किल्ली सांभाळायला तयार आहे.

आता तुझा मुद्दा. केंद्रीय विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलंय की सरसकट बंदी योग्यही नाही आणि चालणारीही नाही. सोय असेल तिथे शाळेनं मोबाईल जमा करून घ्यावा, वर्गात वापर नको, शाळेत फोटो-रेकॉर्डिंग नको, आणि धोरण ठरवताना पालकांना विचारावं. आपल्याकडच्या शाळांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण हेडमास्तरांपुढे ठेवायला बरा. धाक म्हणून जप्ती करायला मात्र त्या कोर्टाचीही ना नाही. तेव्हा जप्तीवर भांडू नको, मुदतीवर भांड. फार तर दोन-चार दिवस ठेवावा आणि पालकांच्या हातात द्यावा. वर्षभर ठेवून शाळेनं हजारोंच्या वस्तूची जोखीम कशाला घ्यायची?

आणि अपवाद लिहून घे. आमच्या नववीत एका पोरीला टाइप वन डायबिटीस आहे. दंडावर सेन्सर, शुगरचा आकडा मोबाईलवर. तिचा फोन खान्यात कोंबायचा का? फ्रान्सनं २०१८ मध्ये कायद्यानंच शाळेत मोबाईल बंद केला, पण अपंग आणि अशा आजारी मुलांसाठी त्यातच वाट ठेवली. आमच्या नियमावलीत ती ओळ घालायला मला दोन बैठकी डोकं फोडावं लागलं.

खरा वैताग पालकांचा, बरं का. कपाट येण्याआधी तिसऱ्या तासाला दप्तरात फोन थरथरायचा, काढून पाहावं तर ‘मम्मी’. काय, तर ट्यूशनला जाताना छत्री ने! ऑफिसात लँडलाइन आहे, निरोप पोचतो, पण धीर कोणाला? आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. सकाळी कपाटाला कुलूप लावायचं आणि रात्री नऊला व्हॉट्सॲपवर गृहपाठ टाकायचा! पोरानं मोबाईल मागितला की तू कोणत्या तोंडानं नाही म्हणशील?

तुमच्याच पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदी केली, आठवतं? त्याच वर्षी सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, की मोठ्यांनीही दीड तास मोबाईल-टीव्ही बाजूला ठेवायचा. मला वडगावचं पटतं. नुसत्या पोरांवर नियम लादणं सोपं असतं रे.

म्हणून अर्ज कर, पण शिक्षक-पालक संघाच्या नावे. जप्तीची मुदत, आजारी मुलांची सूट आणि गृहपाठ वहीत, एवढंच माग. पाठवण्याआधी मला दाखव, तुझी भाषा मला ठाऊक आहे. आणि पोराला दुसरा फोन घेऊन देऊ नकोस, वहिनींनी कितीही म्हटलं तरी. दिवाळीत या सगळे, सावजीचा बेत पक्का.

तुझाच,
दिल्या