या डिसेंबरला येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधी मोबाईलवर अक्षरं मोठी करून घ्या, नाहीतर आईला वाचून दाखवायला सांगा, डोळे बारीक करून वाचत बसू नका. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर काही सांगायला गेलं की आई "बरं बरं, तुमच्या सोयीने बघा" म्हणते आणि लगेच फोन बाबांकडे देते, आणि बाबा हवामानाचं विचारतात. मग माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

तर आम्ही या डिसेंबरला येत नाहीये. नाताळ टोबीच्या घरी करायचा असं ठरलंय. आणि मी १२ फेब्रुवारीला येतेय, चांगली महिनाभर, ऑफिसने तिकडून काम करायची परवानगी दिलीये आणि तिकीट काढून झालंय. म्हणजे "नक्की नाही, बघू" असं काही नाहीये, पीएनआर दादाला पाठवलाय, आई त्याच्याकडून खात्री करून घेऊ शकते आणि करणारच आहे हे मला माहितीये.

आता का ते सांगते. लग्न झाल्यापासून प्रत्येक डिसेंबरला आम्ही सांगलीत असतो. ते मला हवंच असतं, हुरडा असतो, थंडी असते, माझ्या सुट्ट्या तेव्हाच असतात. टोबी कधी एका शब्दाने काही बोलला नाही, उलट तोच सगळ्यांच्या आधी बॅग भरतो आणि भडंगासाठी डबे घेतो. पण इथे जर्मनीत नाताळ म्हणजे आपली दिवाळी आहे हो. दिवाळीत दादा पुण्याहून आला नाही तर आई काय करते ते मी पाहिलंय, फराळाचा डबा कुरिअर करून दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. मोनिका पण टोबीची आईच आहे ना. ती डबा पाठवत नाही आणि बोलते सगळ्यांशी नीट, त्यामुळे कुणाला कळतही नाही. (आई, मी तिला नावाने हाक मारते यावर पुन्हा चर्चा नको, इथे तसंच असतं, तिलाही तेच आवडतं. तू मोनिकाताई म्हण, तिला ते फार आवडलंय.)

शिवाय डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं तिकीट फेब्रुवारीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि आमच्या टीममधल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत, आणि टोबीचं नवीन ऑफिस आहे. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण तीन आठवड्यांपूर्वी मोनिकाकडे गेलो होतो तेव्हाचं आहे. तिचं घर डोंगरात आहे, आनाबेर्ग नावाच्या गावी, चेक बॉर्डरच्या अलीकडे. तो सगळा भाग जुन्या खाणींचा, चांदी आणि कथलाच्या, २०१९ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून जाहीर केलाय. तिथे नाताळात खिडकीत लाकडी बाहुल्या ठेवतात, हातात मेणबत्त्या धरलेल्या. एक खाणकामगार आणि एक पंख असलेली परी. पूर्वीचा रिवाज असा की घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या पऱ्या, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकी बघून कळायचं घरात कोण कोण आहे. मोनिका माळ्यावरून खोकी काढत होती, मी खालून धरत होते. एका डब्यात टोबीचा खाणकामगार निघाला, नाक झिजलेला. त्याच्या बहिणीची परी निघाली. आणि अजून एक परी होती, नवीकोरी, कागदात गुंडाळलेली, तळाशी पेन्सिलीने माझं नाव. आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. दरवर्षी ती खिडकीत ठेवते म्हणे. आम्ही तेव्हा सांगलीत हुरडा खात असतो. ती काही बोलली नाही, "ही जरा जपून धर, पंख नाजूक आहेत" एवढंच म्हणाली. परत येताना गाडीत मीच टोबीला म्हटलं, या वर्षी इथे राहूया. तो तर नको म्हणत होता, हे पण लिहून ठेवते, तो म्हणाला आई-बाबांना वाईट वाटेल. म्हणजे जावयाला बोल लावायचा नाही.

कार्यक्रम काय काय ते सांगते म्हणजे मी इथे थंडीत कुडकुडत एकटी बसलेय असं आईला वाटणार नाही. गेल्या शनिवारी ड्रेस्डेनच्या बाजारात गेलो. श्ट्रीत्सेलमार्क्ट म्हणतात त्याला, पहिल्यांदा भरला १४३४ मध्ये, बाबा बघा, तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्य चालू होतं. लाकडी टपऱ्या, भाजलेले बदाम, मसाल्याची गरम वाईन (मी लहान मुलांचा सफरचंदाचा गरम रस घेतला, आई, खरंच). कप काचेचा किंवा चिनीमातीचा असतो, त्याचे आधी पैसे ठेवून घेतात आणि कप परत दिला की देतात, टोबी दरवर्षी एक कप घरी घेऊन येतो आणि आमच्या कपाटात जागा उरली नाहीये. परवा तिथे श्टॉलेनचा सण आहे. श्टॉलेन म्हणजे नाताळचा केक समजा, केकपेक्षा घट्ट, वरून पिठीसाखरेचा थर आणि आत बेदाणेच बेदाणे, सांगलीच्या माणसाला घरच्यासारखं वाटावं असा. काही टनांचा एक प्रचंड श्टॉलेन गाडीवर ठेवून मिरवणूक काढतात आणि मग कापून विकतात. १७३० मध्ये इथल्या राजाने १.८ टनांचा करवून घेतला होता, त्याची ही आठवण. बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात म्हणून आईसाठी मोनिका वेगळा करणार आहे, सफरचंदाच्या रसात भिजवून. तो टिकतो भरपूर, फेब्रुवारीत घेऊन येईन.

नाताळच्या आधीच्या रविवारी आनाबेर्गला खाणकामगारांची मिरवणूक असते, काळे जुने पोशाख, डोक्यावर तुरे, हातात दिवे आणि बँड. खाणीत पहाटे अंधारात उतरायचं आणि अंधार पडल्यावरच वर यायचं, थंडीत सूर्य दिसायचाच नाही, म्हणून त्या लोकांना उजेडाचं इतकं. प्रत्येक खिडकीत मेणबत्त्यांची लाकडी कमान असते. आम्ही जाताना झायफेनलाही थांबणार आहोत, तिथे अख्खं गाव लाकडी खेळणी करतं, खाणीतलं कथील कमी झालं तसे लोक सुतारकामाकडे वळले. म्हणजे त्यांची सावंतवाडीच. बाबा, तुम्ही मला आणलेला तो लाकडी भाजीचा सेट आठवतो का, त्यातलं वांगं दादाने कुठे टाकलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

२४ तारखेला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, सगळं गाव चिडीचूप. चर्चमध्ये लहान मुलांचं नाटक असतं, मग घरी येऊन जेवण. नऊ पदार्थांचं जेवण, नॉयनरलाय म्हणतात. आई, हे तुला फार आवडेल. मसूर असतो, म्हणजे वर्षभर सुटे पैसे कमी पडत नाहीत. बटाट्याचे मोठे उंडे असतात, ते मोठ्या पैशांसाठी. ताटाखाली नाणं ठेवतात आणि जेवण संपेपर्यंत कुणी ताटावरून उठायचं नाही! आज्जी असती तर म्हणाली असती, बघा, गोऱ्यांनाही कळतं आणि तुम्हाला कळत नाही. मांसाचे पदार्थ सोडले तरी माझ्यासाठी बरंच उरतं, मसूर, उंडे, आंबवलेला कोबी, बीट, मशरूम, दुधात भिजवलेला पाव. मोनिकाने उंड्यांसाठी वेगळं पातेलं ठेवलंय, त्याला ती "सांगली पातेलं" म्हणते. उपाशी राहत नाही मी. वजन दोन किलो वाढलंय, फोटोत गाल बसलेले दिसतात ते लाईटमुळे.

२५ ला टोबीच्या बहिणीकडे केमनित्सला. २६ ला ओमाला भेटायला, टोबीची आजी. ती जिथे राहते तिथे तिच्या वयाची सगळी मंडळी आहेत आणि नर्स आहे (आई, लगेच डोळ्यात पाणी नको, तिने स्वतः निवडलंय आणि तिची पत्त्यांची गँग आहे). आणि नाही, तुमच्या बाबतीत असं काही माझ्या डोक्यात नाही, दादाच्याही नाही, हे आत्ताच लिहून टाकते कारण बाबा त्या ओळीवर थांबले असणार.

बाबा, अजून एक तुमच्यासाठी. या आनाबेर्गमध्ये सोळाव्या शतकात आडाम रीस म्हणून गणितज्ञ राहायचा, त्याने साध्या व्यापाऱ्यांसाठी अंकगणिताची पुस्तकं लिहिली, जर्मनमधून, लॅटिनमधून नाही, आणि आपले अंक वापरून, रोमन नाही. अजूनही इथे हिशोब पक्का आहे हे सांगायचं तर "आडाम रीसच्या हिशोबाने इतके झाले" म्हणतात. त्याच्या घराचं म्युझियम आहे. मी आत गेले नाहीये, मुद्दाम. ते तुमच्याबरोबर बघायचंय, मे महिन्यात, व्हिसाचे कागद मी फेब्रुवारीत बसून भरून देणार आहे, "आता या वयात कशाला" हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. पायऱ्या कमी आहेत, मी मोजून येईन.

आता मोतीबिंदूचं. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. पिकायची वाट बघायची वगैरे ते जुनं, आता तसं नसतं, पण फेब्रुवारीपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही म्हणाले. म्हणून १७ फेब्रुवारी घेतलीये, मी असताना. ऑपरेशन काही मिनिटांचं, त्याच दिवशी घरी, पण नंतर काही आठवडे थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही, आणि हे सगळं आईच्या भरवशावर सोडलं तर तुम्ही तिला गुंडाळणार. मला गुंडाळता येत नाही. लहानपणी माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं तेव्हा तुम्ही रुमालाचं टोक जिभेने ओलं करून काढलं होतंत, आणि मी किंचाळत असताना पाढे म्हणायला लावले होते, सतराचा. आता माझी पाळी. तुम्ही एकोणतीसचा म्हणा.

तोपर्यंत रात्रीची स्कूटर बंद. समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यासारखा दिसतो हे तुम्ही आईला सांगितलंत आणि आईने मला, त्यामुळे नाही म्हणू नका. आमराईत फिरायला ऊन आल्यावर जायचं, साडेपाचला नाही, कानटोपी घालून. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळेच. आई, तू गॅस गिझर लावून खिडकी बंद करून अंघोळ करू नकोस, थंडी वाजली तरी नाही, तो धूर दिसत नाही आणि वासही येत नाही, माणूस आत चक्कर येऊन पडतो. दादाला इलेक्ट्रिक गिझर बसवायला सांगितलंय, पैसे दिलेत, "कशाला खर्च" म्हणून माणसाला परत पाठवू नकोस मागच्यासारखं. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी पोलीस म्हणून आलं, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, अटक करतो वगैरे म्हणालं तर फोन कट, आधी दादाला फोन. फोनवर अटक होत नाही, कुठलाच पोलीस करत नाही. बाबा तुम्ही त्याच्याशी कायद्यावर वाद घालत बसाल याचीच मला भीती आहे.

स्वयंपाकाच्या मावशींना मी डिसेंबर-जानेवारीचे पैसे आगाऊ दिलेत, त्या संध्याकाळीही येतील. आई, मला माहितीये तुला त्यांची आमटी आवडत नाही. पण गुडघा दोन महिने जरा कमी वापर, मी आले की तू सांग आणि मी करते. तिळगूळ ठेव माझ्यासाठी, फेब्रुवारीत खाल्ला तरी गोडच बोलेन. आणि तेव्हा द्राक्षं सुरू असतील, तासगावला जाऊ, तेवढा फायदा तर आहे ना या सगळ्यात. मला डिसेंबरमध्ये घराची आठवण येणार नाहीये असं नाही. पहाटे तू कंबलावर अजून एक चादर टाकतेस आणि मी जागी असूनही झोपल्याचं सोंग करते, ते इथे कोण करणार.

२४ ला मी तुमच्या साडेसातला फोन करते, आमचे तीन वाजलेले असतील, नंतर चर्च आणि जेवण, तोवर तुम्ही झोपलेले असता. आई, तुझी सिरीयल साडेसातचीच आहे हे मला माहितीये, एक दिवस मोबाईलवर नंतर बघ, दादा लावून देईल. मोनिकाला तुमच्याशी बोलायचंय, तिने मराठीत एक वाक्य पाठ केलंय, टोबीने शिकवलंय, त्यामुळे काय असेल ते मी सांगू शकत नाही, हसू आलं तरी जरा आवरा. साडी नेसून बसायची गरज नाही, पण गाऊनवर पण नको. आणि बाबा, स्कूटरची दुसरी चावी टीव्हीच्या मागे असते हे मी दादाला सांगितलंय, तो शनिवारी येऊन घेऊन जाणार आहे, तेव्हा त्याला बाहेर कामाला पाठवू नका.

तुमची,
मनू

(टोबीने खाली लिहायला सांगितलंय: बाबा, भडंग पाठवा.)