चेनसॉ घेण्याआधी

गुहागर,
२२ एप्रिल

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. चेनसॉ (लाकूड कापायची मोटारकरवत) घे, पण ५८ सीसीच्या, २२ इंची बारच्या (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) स्वस्त मशीनला भुलू नकोस. पावसाळ्याच्या बेगमीला तुला कापायचंय काय, तर काजूच्या फांद्या नि पडलेला आंबा-फणस. त्याला ३२ ते ३८ सीसी आणि १४-१६ इंची बार भरपूर झाला. स्टिल कंपनीचा एमएस १८० बार-चेन सोडून चार किलोंच्या आसपास आहे, हस्कवर्ना कंपनीचा १२० त्याहून जड. कुठलाही घे, फक्त त्याची चेन नि डायफ्रॅम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) चिपळूणला मिळतात का ते आधी विचार.

एमएस १८० घेतलास तर ५ लिटर पेट्रोलला कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल १०० मिली. दुसरं साधं असेल तर २००. दुसऱ्या मशीनचं प्रमाण त्याच्या पुस्तकात बघ. चेनच्या ऑइलच्या टाकीत मात्र गाडीचं जळकं ऑइल ओतू नकोस. सगळे ओततात, मग पंप नि बार दोन्ही झिजतात.

सुरू करताना मशीन जमिनीवर, चेन ब्रेक पुढे ढकललेला (म्हणजे चेन अडकलेली), उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत. चोक लावून दोरी ओढ. एकदा 'फट्' झालं की चोक लगेच काढ. ते ऐकूनही ओढत राहिलास तर प्लग ओला होतो. मग स्विच बंद करून प्लग काढायचा, दोरी पाच-सहादा ओढायची, प्लग पुसून लावायचा.

मशीन कापताना जोर धरत नाही म्हटलं की लोक पहिला हात कार्बोरेटरला घालतात. तिथे सगळ्यात शेवटी जायचं. आधी भुसा बघ. कपच्या पडल्या तर चेन ठीक, पीठ पडलं तर बोथट. कापताना बार एका बाजूला पळत असेल तर त्या बाजूचे नि दुसऱ्या बाजूचे दात सारखे घासलेले नाहीत. एमएस १८० च्या चेनला ४ मिमीची गोल कानस लागते. ३० अंशात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. आपल्याकडे धार जाते ती लाकडाने कमी, जांभ्या दगडाने जास्त. ओंडक्याखाली आडवी लाकडं घालूनच काप. किनाऱ्यावरच्या सुरूच्या सालीत वाळू असते, तिथे साल आधी कोयत्याने सोल.

मग एअर फिल्टर धू, वाळव, मशीन गरम कर आणि आता कार्बोरेटरचे स्क्रू: एलए रिकाम्या गतीचा, एल कमी गतीच्या पेट्रोलचा, एच पूर्ण गतीच्या पेट्रोलचा. रिकाम्या गतीला चेन फिरत असेल तर एलए उलटा फिरव, थांबेपर्यंत. थ्रॉटल दाबताच मशीन गुदमरत असेल तर एल पाव फेऱ्याहून कमी उघड, म्हणजे उलटा फिरव. एच काही लहान मशीनना नसतोच. असला तर पूर्ण थ्रॉटलला, हवेत, आवाज किंचित फाटका हवा आणि लाकडात बार घुसताच तो साफ व्हायला हवा. हवेतच गुळगुळीत किंचाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे ऑइलही कमी, पिस्टन आत अडकून बसतो. एच लगेच उघड.

जून लागला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. पेट्रोलमधलं इथेनॉल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं, डायफ्रॅम कडक होतो आणि दिवाळीला दोरी ओढून खांदा उतरतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शरद