दानीएलचे प्राणी आणि साम्राज्यं

संपादक महोदय, नमस्कार.

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात, त्याच्या दृष्टान्तात दिसणारे प्राणी म्हणजे आजचे रशिया-चीन असं सांगणारे व्हिडिओ बघून मनापासून वाईट वाटतं, कारण आठव्या अध्यायात अर्थ तिथंच सांगितलाय. दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदी (प्राचीन इराणातले लोक) आणि पर्शियन राजे, त्यातलं मागून आलेलं शिंग जास्त उंच, आणि झालंही तसंच, पर्शियन राजा सायरसनं इ.स.पू. ५५० मध्ये मेदींना हरवलं. जमिनीला पाय न लावता धावत येणारा बोकड म्हणजे ग्रीस, त्याचं मोठं शिंग अलेक्झांडर, जो इ.स.पू. ३२३ ला बॅबिलोनमध्ये ऐन बत्तिशीत गेला आणि राज्य सेनापतींनी वाटून घेतलं, म्हणून चार शिंगं. नंतरचं छोटं शिंग म्हणजे त्यातल्याच एका राज्याचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस, इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमच्या मंदिराची विटंबना करणारा. किती स्पष्ट आहे हे!

सातव्या अध्यायातल्या लोखंडी दातांच्या चौथ्या प्राण्यावर मात्र वाद आहे, जुनी ख्रिस्ती परंपरा रोम म्हणते, बरेच अभ्यासक ग्रीक राज्य. मला दुसरं पटतं, कारण तिथंही छोटं शिंग आहेच. रोमसाठी पुढं प्रकटीकरणात (बायबलच्या शेवटच्या पुस्तकात) दानीएलच्या सातव्या अध्यायातलेच सिंह, अस्वल, चित्ता एकत्र करून नवाच प्राणी उभा केलाय. चर्चमधल्या तरुण मुलांना हा इतिहास जरूर शिकवा, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक