‘ओपन होत नाही’ म्हणणाऱ्या काकांकडून

प्रिय बाय,

तुझं नाव इथे घालत नाही. परवा प्रिंट न्यायला आलो तेव्हा तू तसं बजावलंच होतंस. फोंड्याच्या बाजारात ज्यांनी तुमच्या दुकानात लग्नपत्रिका छापून घेतल्यात ते तुला ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

इतरांना कळावं म्हणून आधी थोडं मागचं सांगतो. आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या रात्री मराठी नाटक होतं. गावचेच नट, गावचाच पेटीवाला. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, गोव्यात ते गावोगाव चालतं. यंदा एक जुनं पौराणिक नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं. छापील प्रत काही मिळेना. होती ती एक हाताने लिहिलेली वही, आमच्या जुन्या प्रॉम्प्टरची. ते गेले, मुलगा पुण्याला, आणि वहीची पानं अशी झालेली की ती कुरिअरने पाठवायची त्याची छाती होईना. मग त्यांच्या नातवाने एकेका पानाचा फोटो काढून सगळे गूगल ड्राइव्हवर चढवले आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक धाडली.

ती लिंक नऊ दिवस उघडली नाही.

त्या नऊ दिवसांत मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. लिंकवर बोट ठेवलं की पांढरा पडदा यायचा आणि त्यावर एक निळं बटण. ते मी चार वेळा दाबलं. फोन बंद करून चालू केला. भाच्याने अ‍ॅप काढून पुन्हा घातलं. पुण्याला कळवलं, ‘ओपन होत नाही.’ नातू म्हणाला, ‘माझ्याकडे होतंय.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इकडे चतुर्थी झाली की तालमी सुरू करायच्या होत्या आणि नारदाचं काम करणारा रोज विचारायचा, ‘माझी वाक्यं किती?’

शनिवारी भर पावसात तुझ्या दुकानात शिरलो. तू एका पासबुकाची झेरॉक्स काढत होतीस. मी फोन पुढे केला, तर तू तो हातात घेतलाच नाहीस. काचेवरचा कागद पालटत म्हणालीस, ‘काका, कितें बरयलां तें वाचात.’ काय लिहिलंय ते वाचा.

चष्मा लावून वाचलं. यू नीड अ‍ॅक्सेस. म्हणजे मालकाची परवानगी हवी, आणि ते निळं बटण ती मागायचं. नऊ दिवस ते तिथेच होतं.

बाय, मी वीज खात्यात ३१ वर्षं लाइनमन होतो. रात्री दोनला फोन यायचा, ‘लायट ना.’ एवढ्यावरून काही कळत नाही. मग आम्ही विचारायचो, शेजाऱ्याकडे आहे का? रस्त्यावरचा दिवा पेटतोय का? शेजाऱ्याकडे असेल तर फॉल्ट तुमच्या घरात, नसेल तर आमच्या लाइनीवर. हे मी किती लोकांना विचारलं असेल त्याची मोजदाद नाही, आणि स्वतः मात्र नऊ दिवस ‘लायट ना, लायट ना’ करत बसलो होतो.

तू तर सरळ शेजाऱ्याकडे जाऊन आलीस. कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडलीस, इन्कॉग्निटो. तिच्यात कुणाचंच खातं लागलेलं नसतं. सगळ्यांना मोकळी केलेली लिंक असेल तर तिथे लॉगिन न करता उघडते. तिथे उघडली आणि माझ्या फोनवर नाही, तर घोटाळा माझ्या फोनमधल्या खात्याचा. (माझ्या फोनमध्ये दोन खाती आहेत, एक मुलाने कधीतरी घातलेलं, हे मला त्या दिवशी कळलं.) पण तिथेही लॉगिनच मागितलं. तू म्हणालीस, ‘फॉल्ट पुण्याला.’

लगेच फोन लावलास. नातवाने फोटो चढवले होते कॉलेजने दिलेल्या खात्यावर, आणि कॉलेजने बाहेरच्या कुणाला लिंक द्यायची सोयच बंद ठेवली होती. आतल्या लोकांना उघडणार, त्याला स्वतःला तर उघडणारच. म्हणून तो ‘होतंय’ म्हणत होता, आणि तेही खोटं नव्हतं. माझ्या त्या चार विनंत्या त्या खात्याच्या मेलमध्ये पडून होत्या, आणि तो मेल नातू परीक्षेच्या दिवसांतच काय तो बघतो. तू त्याला सगळं स्वतःच्या खात्यावर घ्यायला लावलंस आणि ‘रिस्ट्रिक्टेड’चं ‘एनीवन विथ द लिंक’, म्हणजे लिंक असेल त्याला उघडेल असं, करायला सांगितलंस. घाईत त्याने सोबत ‘एडिटर’, म्हणजे बदल करायची मुभाही ठेवली होती. तेही बदलून ‘व्ह्यूअर’, नुसतं बघणारा, करायला लावलंस, कारण आमच्या ग्रुपात ३२ माणसं आणि त्यातला कोणी चुकून दोन पानं उडवली असती. आमच्या ग्रुपाची ही पारख तुला इतक्या लवकर कशी झाली कोण जाणे.

दहा मिनिटांत पहिलं पान आलं. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षर: ‘इथे थांब, टाळी येते.’ तू ते मोठ्याने वाचलंस आणि पासबुकवाला गिऱ्हाईकही वाकून बघायला लागला. तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘काका, शेजाऱ्याकडे आहे का बघा.’

बाकीच्या भानगडी लहान होत्या. फोटो आयफोनवर काढलेले, तुझ्या कॉम्प्युटरला ते उतरवून उघडता येईनात, ड्राइव्हवर मात्र दिसत होते. नातवाने रात्री सगळ्यांची एक पीडीएफ केली. आमच्या तबलजीने लिंक कागदावर उतरवून घेऊन घरी टाइप केली. त्या लांबलचक ओळीत लहान एल आणि मोठा आय सारखेच दिसतात आणि एक अक्षर चुकलं की खेळ खलास. कॉपी करायची, टाइप करायची नाही, हे त्याला मी तुझ्याच थाटात ऐकवलं.

पदांची फाइल मात्र वेगळीच होती, आणि तुझी खरी ओळख मला तिथे झाली. पदं कोणी तरी पंधराएक वर्षांपूर्वी डीटीपी करून ठेवलेली, ती वर्डची फाइलही त्याच फोल्डरात होती. उघडत होती, पण आत मराठीचा मागमूस नाही. इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, अपूर्णांक. मी म्हटलं, ‘सडली.’ तू म्हणालीस, ‘फाइल बरी आहे, फॉन्ट नाही.’ मग समजावलंस: त्या काळच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांचेच आकडे असतात, देवनागरीचा आकार फक्त फॉन्ट चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि खालचं दिसतं. युनिकोडमध्ये ‘क’ला ‘क’चाच आकडा असतो, म्हणून तो कुठल्याही फोनवर ‘क’च राहतो. मी नाटकवाला माणूस, मुखवटा म्हटल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला.

आणि मग तू कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक काढलंस. पत्रिकांसाठी ठेवलेला, नेट नसलेला, चालू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ घेणारा. त्यात श्रीलिपी होती. पेन ड्राइव्हवरून फाइल घातलीस आणि त्या टोप्या-टिंबांच्या जागी नांदी उभी राहिली. लगेच पीडीएफ केलीस, म्हणजे फॉन्ट फाइलीतच बसला आणि आता ती कोणाच्याही फोनवर तशीच दिसते. पेटीवाल्याला त्या रात्री मी फोनवर सबंध नांदी वाचून दाखवली. तो झोपला होता.

निघताना तू विचारलंस, ‘उतरवून घेतलं ना?’ मी ऐटीत ड्राइव्हमधला शॉर्टकट दाखवला. तू म्हणालीस, ‘तो नुसता बाण आहे, काका. फाइल त्याचीच.’ आणि माझं न ऐकता सगळं माझ्या पेन ड्राइव्हवर घालून दिलंस. मला वाटलं, पोरगी उगाच खटाटोप करतेय.

चतुर्थीच्या सुट्टीत नातवाचं ड्राइव्ह भरलं. फुकटचे १५ जीबी, त्यातच मेल आणि फोटोही. त्याने मोठमोठ्या वस्तू काढून टाकल्या, त्यात आमचं नाटक गेलं. तालमीत एकेक फोन वर झाला, ‘काका, ओपन होत नाही.’ मी शांतपणे म्हटलं, ‘काय लिहिलंय ते वाचा.’ फाइल मालकाच्या कचऱ्यात आहे, असं लिहिलं होतं. तिथे ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. नातवाला कळवलं, त्याने परत बाहेर काढली, आणि तोवर आमची तालीम तुझ्या पेन ड्राइव्हवरून काढलेल्या प्रिंटांवर चालली, एक दिवसही खाडा न होता.

त्या शनिवारचे तू प्रिंटचे तेवढे पैसे घेतलेस. दोन तास उभी होतीस, त्याचे काय म्हटल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीस. म्हणून हे पत्र. देव बरें करूं, बाय.

जत्रा मार्गशीर्षात आहे. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतो, आईला घेऊन ये. पत्रिकेवर साडेनऊ छापलंय (तूच छापलंयस), पण अकराच्या आत पडदा काही उघडणार नाही, तेव्हा जेवून निघा. आणि त्या शनिवारी विसरलेली माझी छत्री अजून तुझ्या झेरॉक्स मशीनमागे आहे, ती येताना आण.

तुझा,
‘ओपन होत नाही’ काका