गम घेण्याआधी प्लॅस्टिक ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सुट्टीच्या पुरवणीत विमानं, रणगाडे, जहाजं यांची प्लॅस्टिकची किट मुलांनी घरी जोडावीत असं सुचवलं आहे. वाचून फार बरं वाटलं. मोबाइल बाजूला ठेवून मूल तासन् तास एका जागी बसेल असे छंद आता थोडेच उरले आहेत. पण त्याच लेखात घरातला कुठलाही गम चालेल असं म्हटलंय, ते मात्र खरं नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी कुपवाड एमआयडीसीत ब्लो मोल्डिंगच्या, म्हणजे हवा फुंकून प्लॅस्टिकची पोकळ भांडी बनवायच्या, मशीनवर नोकरी केली. द्राक्षबागेच्या औषधांचे कॅन काढायचो. आता निवृत्त आहे. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीतली मुलं आपापली किट घेऊन येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, "काका, हे चिकटतच नाही." मग आईवडील आणखी महागाचा गम आणतात, तोही निघून येतो, आणि किट माळ्यावर जातं. त्या मुलाचा हिरमोड बघवत नाही.

तासगाव भागातल्या कुठल्याही बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. पीव्हीसीची मेन लाइन तो सोल्युशन, म्हणजे पाइपाचा गम, लावून जोडतो, पण ठिबकच्या काळ्या लॅटरलला, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीला, कधी सोल्युशन लावत बसत नाही, तिथे कनेक्टर दाबून बसवतो. लॅटरल पॉलिथिलीनची असते आणि पॉलिथिलीनला सोल्युशन धरत नाही. मॉडेलच्या किटमध्येही नेमका हाच प्रकार आहे, फक्त तिथे एकाच खोक्यात तीन-चार तऱ्हेची प्लॅस्टिकं निघतात.

किटमधले कडक करडे भाग बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात. त्यासाठी मिळणारा पातळ गम खरं म्हणजे चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून गेला की सांधा एकजीव. म्हणून तो अगदी थोडा, ब्रशच्या टोकानं लावायचा. पाइपाचं सोल्युशन इथे वापरू नये, ते इतकं जहाल असतं की पंखावरची बारीक नक्षी वितळून जाते.

रोबोच्या किटमधले हलते सांधे पुष्कळदा एबीएस नावाच्या चिवट प्लॅस्टिकचे असतात. संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून बनवलेला, वासाला बरा असा एक गम मिळतो. तो पॉलिस्टायरिनला उत्तम, एबीएसला जवळजवळ निरुपयोगी. एबीएससाठी बाटलीवर तसं लिहिलेला गमच मागावा.

आता खरी डोकेदुखी. छोटे मऊ सैनिक, सांध्यात बसवायच्या रबरासारख्या टोप्या, हे पॉलिथिलीन. मॉडेलच्या आगगाडीतली गुळगुळीत पांढरी गियर पुष्कळदा ॲसिटाल नावाच्या प्लॅस्टिकची. यांना ना पॉलिस्टायरिनचा गम लागत, ना फेव्हिक्विक, ना अरल्डाइट. लागल्यासारखं वाटतं आणि वाळल्यावर नखानं सोलून निघतं. पॉलिथिलीनचा पृष्ठभागच असा की त्यावर द्रव पसरत नाही. आमच्याकडे कॅनवर छपाई करण्याआधी गॅसची ज्योत त्यावरून झरकन फिरवावी लागे. ज्योत न लागलेल्या बाजूवर पाणी टाकलं की थेंब थेंब होऊन घरंगळायचं आणि ज्योत लागलेल्या बाजूवर तेच पाणी पातळ पसरून बसायचं. शाई फक्त तिथेच धरायची. ज्योतीनं वरचा अगदी पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, म्हणून हा फरक. घरी मुलांनी हे करायचं नाही. मऊ सैनिकाचा हात तुटला तर दोन्हीकडे बारीक भोक पाडून तांब्याच्या तारेचा तुकडा घट्ट बसवावा. काही कंपन्या पॉलिथिलीनसाठी आधी पुसायचं प्रायमर आणि वरून गम अशी जोडी देतात, तीही चालते.

ओळखायचं कसं? किटच्या चौकटीवर, ज्याला रनर म्हणतात, बारीक अक्षरं असतात. जपानी किटवर पीएस (पॉलिस्टायरिन), एबीएस, पीई (पॉलिथिलीन) असं बहुधा छापलेलं सापडतं. नसेल तर रनरचा तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवावा आणि अंगावरचे बुडबुडे बोटानं पुसून काढावेत. तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन समजावं आणि गमाचा नाद सोडावा. बुडाला तर पॉलिस्टायरिन, एबीएस किंवा आणखी काही. पॉलिस्टायरिनचा तुकडा फरशीवर टाकला तर पत्र्यासारखा खणखणतो आणि वाकवला की कडकन तुटतो. एबीएस वाकतं, वाकलेल्या जागी पांढरं पडतं, चटकन तुटत नाही. माझा या आवाजावर फार भरवसा आहे. मुलांचा कान लवकर तयार होतो.

काचेसारख्या पारदर्शक भागांचं वेगळंच. विमानाच्या कॉकपिटला फेव्हिक्विक लावलं की त्याची वाफ भोवती बसून पांढरी झाक येते आणि ती सहज निघत नाही. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल काडीनं लावावा, वाळल्यावर दिसत नाही. रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेले, भाग आले तर उलट: तिथे विरघळवणारा गम काहीच करत नाही, फेव्हिक्विक किंवा अरल्डाइटच हवं. थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या पीएलए प्लॅस्टिकच्या भागांनाही हीच दोन बरी. आणि मोटारींचे मऊ टायर पीव्हीसीचे असतील, तर त्यांतलं तेल हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरिनची चाकं खातं. मधे ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी घातली तर चाक वाचतं.

फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. म्हणून कृष्णाकाठच्या पावसाळ्यात उघडी ट्यूब लवकर आळते. डबाबंद ठेवावी, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाकावी. ते सांडलं तर सुती कापडानं पुसू नये, कापूस आणि ते एकत्र आले की चटका बसेल इतकं तापतं. विरघळवणारे गम पेट घेतात आणि त्यांची वाफ डोक्याला चढते, त्यामुळे खिडकी उघडी हवी, देवघरातला दिवा दूर हवा आणि लहान मुलाजवळ मोठं माणूस हवं.

माझी विनंती दोघांना आहे. सांगली-मिरजेच्या खेळणी आणि स्टेशनरी दुकानदारांनी किटसोबत जी मिळेल ती ट्यूब पुढे सरकवू नये, खोका उघडून रनर बघावा आणि मगच गम द्यावा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आयात करणाऱ्यांनी खोक्यावर आत कुठली प्लॅस्टिकं आहेत आणि त्यांना कुठला गम लागतो हे मराठीत छापावं. कॅनवर आम्ही प्लॅस्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला २ हा आकडा न चुकता उठवायचो, भंगारवाल्यालासुद्धा तो कळतो. दीड हजाराचं किट घेणाऱ्या आईला तेवढी माहिती मिळायला काय हरकत आहे? आपल्या पुरवणीतही पुढच्या वेळी गमाबद्दल चार ओळी याव्यात. हवं असेल तर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मोल्डिंग कामगार
विश्रामबाग, सांगली